माझी किल्ली माझ्याच पोटात

मित्रांनो, मी एक जुनी तक्रारपेटी आहे आणि माझी कोणाविरुद्ध काहीही तक्रार नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण पेटी बोलायला लागली की माणसं खुर्चीत सावरून बसतात. तुम्ही आरामात बसा.

अक्कलकोटहून दक्षिणेला निघालं की पाट्यांवरची अक्षरं मराठीच राहतात, पण दुकानातलं बोलणं हळूहळू कन्नड होत जातं. त्या वाटेवर माळहळ्ळी आहे. माळहळ्ळीला गाव म्हटलं तर तिथल्या लोकांना राग येतो, शहर म्हटलं तर हसू येतं. एक एसटी स्टँड, एक मंगळवारचा बाजार, दोन मेडिकल आणि एक हायस्कूल. त्या हायस्कूलच्या व्हरांड्यात, मुख्याध्यापकांची खोली आणि पिण्याच्या पाण्याची टाकी यांच्या मधोमध मी टांगलेली आहे.

माझा जन्म अक्कलकोटला संगप्पांच्या दुकानात झाला. संगप्पा धान्याच्या कोठ्या बनवत. दहा पोत्यांची एक कोठी पुरी झाल्यावर जो पत्रा उरला, त्यातून त्यांनी मला जेवणाआधी उरकून टाकलं. त्यामुळे माझा स्वभाव कोठीचा आहे. आत आलेलं सांभाळायचं, एवढंच मला येतं. मला लाल रंग दिला, वर चिठ्ठीपुरती फट ठेवली आणि पेंटरनं पांढऱ्या अक्षरांत लिहिलं, ‘तक्रारपेटी’. खाली बारीक अक्षरांत, ‘नाव लिहिणे बंधनकारक नाही’.

मी शाळेत आले ती वरून आलेल्या परिपत्रकामुळे. प्रत्येक शाळेत तक्रारपेटी असावी, ती दर महिन्याला समितीसमोर उघडावी आणि किती तक्रारी आल्या त्याचा अहवाल वर पाठवावा, असं त्यात होतं. मुख्याध्यापक मल्लिनाथ सर परिपत्रकाला फार मानत. माणूस चांगला. रोज सकाळी फाटकात उभे राहून पाचवीतल्या पोरांच्या बुटांच्या नाड्या बांधून द्यायचे. फक्त वरच्या कार्यालयाचा फोन आला की बसल्या जागी उभे राहायचे.

जून २०१९ मध्ये माझं उद्घाटन झालं. हार आला, नारळ आला. माझ्या कुलपाच्या दोन किल्ल्या एकाच कडीत होत्या. त्यांना लाल फीत बांधून, विड्याच्या पानावर ठेवून, माझ्या आत पूजेला मांडलं. हळदकुंकू वाहिलं. पुढच्या रांगेत त्याच आठवड्यात प्राथमिक शाळेतून आलेली पाचवीची अडतीस मुलं नव्या गणवेशात मांडी घालून बसली होती. खेळाचे शिक्षक धनाजी सर मोबाईलवर फोटो काढत होते. ते म्हणाले, झाकण लावा, अक्षरं दिसत नाहीत. मल्लिनाथ सरांनी झाकण लावलं आणि कुलूप दाबलं. हे कुलूप नुसतं दाबलं की बसायचं. मुलांनी टाळ्या वाजवल्या. फोटो चांगला आला.

टाळ्या थांबल्यावर शिपाई बसूमामा पुढे आले आणि हळूच म्हणाले, “सर, किल्ली?”

“आत आहे,” सर समाधानानं म्हणाले. मग त्यांना आपण काय म्हणालो ते ऐकू आलं.

तर मित्रांनो, माझी किल्ली माझ्याच पोटात राहिली. कुलूप फोडायला बसूमामांना अर्धं मिनिट लागलं असतं. पण त्याच सकाळी शाळेच्या जडवस्तू नोंदवहीत माझी नोंद झाली होती: ‘पेटी, लोखंडी, कुलपासह, नग एक’. नोंदवहीत चढलेली वस्तू वरच्या परवानगीशिवाय फोडता येत नाही. सरांनी परवानगीसाठी अर्ज पाठवला. उत्तर आलं नाही. मग दोन स्मरणपत्रं पाठवली. त्यांचंही आलं नाही. एकदा बसूमामांनी फटीतून तार घालून पाहिली. तारेला एक चॉकलेटचा कागद लागला आणि प्रयत्न यशस्वी झाल्यासारखा वाटून त्यांनी तो थांबवला.

दरम्यान महिना संपला आणि अहवालाचा नमुना आला. त्यात एक रकाना होता, ‘प्राप्त तक्रारींची संख्या’. सरांनी बराच वेळ पेन हातात धरून ठेवलं आणि लिहिलं, ‘निरंक’. निरंक म्हणजे काही नाही. पण ‘काही नाही’ लिहिलं की कोणीतरी का म्हणून विचारतं. निरंक लिहिलं की कोणी विचारत नाही. पुढच्या महिन्यातही निरंक गेलं. मग त्याची सवय झाली.

हे मुलांना कोणीच सांगितलं नाही.

त्या अडतीस मुलांत सिद्धेश्वरी नावाची एक मुलगी होती. बाजारपेठेतल्या भुसार दुकानदाराची. घरी कन्नड, शाळेत मराठी, त्यामुळे मराठीतलं प्रत्येक वाक्य ती आधी मनात उलटसुलट तपासायची आणि मगच बाहेर काढायची. तिच्या वाक्यात चूक सापडणं अवघड होतं, आणि याचा तिला अभिमान होता. माझ्या पोटात पडलेली पहिली चिठ्ठी तिची. ‘पाण्याच्या टाकीचा तिसरा नळ गळतो. पाणी वाया जाते. कृपया लक्ष द्यावे.’

(मी हे सगळं आत बसून वाचलं. पेटीला अंधारात वाचता येतं. दुसरं काम नसतं.)

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीपर्यंत नळ दुरुस्त झालेला होता. झालं होतं असं, की आदल्या दिवशी शाळा सुटल्यावर बसूमामा त्याच पाण्यावरून घसरून पडले होते आणि त्यांचं कोपर फुटलं होतं. नळावर राग काढावा तसं त्यांनी सकाळी वॉशर बदललं. सिद्धेश्वरीला यातलं काही ठाऊक नव्हतं. ती नळाकडे पाहत उभी राहिली, मग माझ्याकडे आली आणि तिनं मला हात जोडले.

त्या दिवशी माझी बढती झाली. मित्रांनो, बढती अशीच होते. काही करावं लागत नाही.

बातमी वर्गात पसरली. तिच्या बाकावर शेजारी बसणारी प्रियंका धनगराची मुलगी, वस्तीवरून चालत यायची. तिनं चाचणी परीक्षेच्या दिवशी मला कुंकवाचं बोट लावलं. पाठोपाठ कोणीतरी लिंबू-मिरची बांधली. बसूमामा दर शनिवारी मला पुसायचे आणि सोमवारी मी पुन्हा कुंकवानं माखलेली असायचे. चिठ्ठ्या येत राहिल्या. खिचडीत खडे असतात. मागच्या खिडकीतून ऊन डोळ्यांवर येतं. आमच्या वर्गाचा पंखा फक्त आवाज करतो. धनाजी सर शिट्टी फार जवळून वाजवतात. शनिवारची शाळा रद्द करा. शेजारच्या गावाला कबड्डीत हरवा. माझ्या भावाला पास करा. तो अभ्यास करत नाही, पण मनानं चांगला आहे. आणि मुलींच्या अक्षरांत, वेगवेगळ्या हातांनी, पुन्हा पुन्हा एकच: मुलींच्या संडासाला आतून कडी नाही.

सहावीत ती मुलं आलीच नाहीत. कोणीच आलं नाही. शाळा बंद होती आणि वर्गांत बाहेरगावाहून आलेल्यांना चौदा-चौदा दिवस ठेवत होते. त्या वर्षी माझ्याकडे फक्त दोन चिठ्ठ्या आल्या. एक कुठल्याशा ट्रकवाल्याची: ‘आमटीत मीठ नाही.’ दुसरी सिद्धेश्वरीची. ती तोंडाला ओढणी बांधून फाटकातून आत आली, लांबूनच हात लांब करून फटीत चिठ्ठी सरकवली आणि पळाली. ‘शाळा कधी सुरू होणार?’ एवढंच. खाली ‘आपली विश्वासू’.

सातवीत सगळी परत आली तेव्हा निम्म्यांचे आवाज बदललेले होते. शहाजी नावाचा एक मुलगा तर एका वर्षात वीतभर वाढला होता. त्यानं लिहिलं, ‘फळ्यावरचं दिसत नाही. मला पुढं बसवा.’ शहाजी उंच, म्हणून वर्गात त्याला मागे बसवलं होतं. पुढच्या वर्षी तो आणखी वाढला, म्हणून आणखी मागे.

आता मी मुख्य गोष्टीकडे येते.

आठवीत त्यांना गणिताला बिरुदेव सर आले. सांगोल्याकडचे. वडील मेंढरं राखत. पहाटे वाड्यातून मेंढरं बाहेर पडताना ती बोटांवर मोजता मोजता आपल्याला पाढे आले, असं ते सांगायचे. शिकवायचे फार छान. शिकवता शिकवता त्यांची भाषा शाळेतून वस्तीकडे निघायची आणि मुलांना गणित घरच्यासारखं वाटायचं. एका गोष्टीत मात्र ते अजिबात ऐकायचे नाहीत. उत्तरापुढे एकक लिहिलं नाही की एक मार्क गेला. मीटर असेल तर मीटर, रुपये असतील तर रुपये. नुसता आकडा त्यांना चालायचा नाही.

डिसेंबरच्या चाचणीत सिद्धेश्वरीनं शेताचं क्षेत्रफळ काढलं आणि लिहिलं, ३६०. सरांनी पेपर देताना तो वर्गासमोर धरला आणि विचारलं, “तीनशे साठ काय? शेळ्या का मेंढ्या?”

वर्ग हसला. प्रियंकाही हसली. वीसपैकी एकोणीस मिळाले होते, पण सिद्धेश्वरीला त्या दिवशी एकच मार्क दिसत होता, तो गेलेला. आपल्या लिहिण्यात चूक निघाली, आणि तीही सगळ्यांसमोर, हे तिच्या बाबतीत पहिल्यांदाच घडत होतं. मधल्या सुट्टीत ती माझ्याकडे आली. चिठ्ठी घडी करताना कागद फाटला, तरी तशीच टाकली. ‘गणिताच्या बिरुदेव सरांची बदली करावी. कारण: एक मार्क.’

या वेळी ‘आपली विश्वासू’ नव्हतं.

सोलापुरात गड्ड्याची जत्रा झाली, संक्रांत झाली, मुलं तिळगूळ घेऊन शाळेत आली आणि बिरुदेव सर नव्हते. कुर्डुवाडीच्या शाळेत गेले, असं मल्लिनाथ सरांनी सांगितलं. पटसंख्या कमी झाल्यामुळे एक शिक्षक अतिरिक्त ठरला आणि नोकरीला सगळ्यांत नवे तेच होते, म्हणून त्यांना तिकडे सामावून घेतलं, असंही सांगितलं. हे खरं होतं. पण मित्रांनो, खरं कारण इतकं कंटाळवाणं असतं की त्यावर कोणाचा विश्वास बसत नाही. सिद्धेश्वरीनं ते ऐकलं, वळून माझ्याकडे पाहिलं आणि तिला आपली फाटकी चिठ्ठी आठवली.

त्यानंतर गणिताला शिक्षक आलाच नाही. तास धनाजी सरांकडे गेला. धनाजी सर प्रामाणिक होते; गणित आपल्याला येत नाही, हे त्यांनी पहिल्या दिवशी सांगितलं आणि मुलांना मैदानावर नेलं. हात आखडून-पसरून कोन दाखवले, वर्तुळ धावून दाखवलं. पुढे प्रमेयं आली. ती धावून दाखवता येईनात. मग ते फळ्यावर पुस्तक उतरवून देत आणि शिट्टी वाजवून तास संपवत.

सिद्धेश्वरी दर महिन्याच्या एक तारखेला माझ्याकडे यायची. ‘बिरुदेव सरांना परत पाठवावे. माझी मागील चिठ्ठी रद्द समजावी.’ प्रत्येक वेळी तारीख घालून, शुद्ध अक्षरात. एक महिना काही झालं नाही की पुढच्या चिठ्ठीत ती एक ‘कृपया’ वाढवायची. दोन वर्षांत तिच्या तशा एकवीस चिठ्ठ्या माझ्याकडे जमल्या. शेवटच्या चिठ्ठीत ‘कृपया’च इतके होते की सरांच्या नावाला जागा कमी पडली.

नववीपासून मधल्या सुट्टीत डबा अर्धा टाकून ती पटांगणातल्या लिंबाखाली मुलांना गणित शिकवायला बसायची. सगळ्यांना वाटायचं, हुशार आहे, हौस आहे. खरं फक्त प्रियंकाला ठाऊक होतं. एकदा टाकीवर पाणी पिताना प्रियंका तिला म्हणाली, “काय गं, एवढी मोठी सायबीण हायस व्हय तू? तुझ्या चिठ्ठीनं सरकार हलतंय?”

“नळ नीट झाला होता की,” सिद्धेश्वरी म्हणाली.

प्रियंकानं वाकून तिसऱ्या नळाकडे पाहिलं. नळ कोणी नीट केला ते मला ठाऊक होतं, पण मला तोंड म्हणून जी फट दिली होती ती आत घेण्यासाठी होती.

दहावीच्या सराव परीक्षेत अडतीसपैकी एकोणीस मुलं गणितात नापास झाली. निकाल सूचना फलकावर लागला तेव्हा सिद्धेश्वरी त्याच्यासमोर उभी राहून एकेक नाव बोटानं मोजत होती. स्वतःचं नाव तिनं पाहिलंच नाही. त्या एकोणीस जणांचं गणित आपण बुडवलं, याबद्दल तिच्या मनात आता काही शंका उरली नव्हती.

मग निरोप समारंभ आला. फेब्रुवारीतली सकाळ, पटांगणात मांडव, मी व्हरांड्यात टांगलेली, म्हणजे मला बसल्या जागेवरून सगळं दिसत होतं. आमच्या शाळेची एक पद्धत आहे. जाणारी दहावी शाळेला भिंतीवरचं घड्याळ भेट देते. शाळेत अशी अकरा घड्याळं आहेत आणि त्यांची अकरा मतं आहेत. बारावं टेबलावर कागदात गुंडाळून ठेवलं होतं. प्रमुख पाहुणे म्हणून शिक्षण विस्तार अधिकारी आले होते. मल्लिनाथ सर मे महिन्यात निवृत्त होणार होते आणि त्यांच्या पेन्शनच्या कागदांवर याच साहेबांची सही व्हायची होती, म्हणून सरांनी त्यांच्यासाठी घरून खुर्ची आणली होती.

वर्गातर्फे मनोगत सिद्धेश्वरीचं होतं. मराठीच्या बाईंनी चार पानं लिहून दिली होती. रडायच्या जागी खूण केलेली होती. ती माईकसमोर आली, पहिलं पान उलगडलं, आणि तिला मांडवाच्या कडेला शेवटच्या खुर्चीवर बिरुदेव सर बसलेले दिसले. प्रियंकाचे चुलते कुर्डुवाडीला रेल्वेत होते. त्यांच्याकडून नंबर मिळवून तिनं सरांना बोलावलं होतं आणि मैत्रिणीला त्याचा पत्ता लागू दिला नव्हता.

सिद्धेश्वरीनं चारही पानांची घडी केली.

“बिरुदेव सरांची बदली माझ्यामुळं झाली,” ती म्हणाली. “आठवीत माझा एक मार्क कापला म्हणून मी पेटीत चिठ्ठी टाकली. महिन्यात सर गेले. आज एकोणीस जण गणितात नापास आहेत ते माझ्यामुळं. मला सरांची आणि वर्गाची माफी मागायची आहे.”

मल्लिनाथ सर उठले आणि मऊ आवाजात म्हणाले, अगं बाळ, तसं काही नसतं; पटसंख्या कमी झाली, सर अतिरिक्त ठरले. मागे सांगितलं होतं ना.

“मग सर, नळ?”

“कुठला नळ?”

“पाचवीत मी चिठ्ठी टाकली होती. तिसरा नळ गळतो म्हणून. दुसऱ्या दिवशी तुम्ही तो दुरुस्त करून घेतला. म्हणजे ती चिठ्ठी तुम्ही वाचली. मग हीपण वाचलीच असणार की, सर.”

मित्रांनो, मी सहा वर्षं या माणसाला रोज पाहिलेलं आहे. त्याच्यासमोर दोन दारं होती. वाचली म्हणावं, तर ही मुलगी तो भार जन्मभर वाहणार. नाही वाचली म्हणावं, तर पेटी उघडली नाही हे बाहेर येणार, आणि इतक्या महिन्यांचे निरंक ज्यांच्या कार्यालयात गेले ते साहेब घरून आणलेल्या खुर्चीवर दोन हातांच्या अंतरावर बसलेले. सरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. पुसण्यासारखं त्यावर काही नव्हतं.

“पेटी उघडलीच नाही,” ते म्हणाले.

“या महिन्यात?” साहेबांनी विचारलं.

“सहा वर्षांत. किल्ली आतच राहिली आहे.”

बसूमामा मांडवाच्या खांबाला टेकून उभे होते. ते तिथूनच म्हणाले, “नळ म्या नीट केला गं बाई. तितं घसरून पडलो, कोपर फुटलं, म्हणून केला. चिठ्ठीचं मला काय म्हायती न्हाय.” आणि पुरावा म्हणून त्यांनी बाही वर करून कोपर दाखवलं.

साहेबांनी ते कोपर पाहिलं. मग म्हणाले, “पण सर, तुमचा अहवाल तर दर महिन्याला निरंक येतो.”

“होय साहेब.”

“आणि मी वर तसंच कळवत आलो.”

“होय साहेब.”

“तुम्ही कुलूप फोडायची परवानगी मागायला पाहिजे होती.”

“मागितली होती, साहेब. तीनदा.”

साहेबांनी आठवून पाहिलं. त्यांचा चेहरा पाहता त्यांना आठवलं असावं. त्यांनी खुर्ची थोडी मागे सरकवली.

मी सिद्धेश्वरीकडे पाहत होते. ती खाली पायरीवर बसली होती. दोन वर्षं खांद्यावर असलेलं काहीतरी उतरलं होतं आणि तिला हातांचं काय करावं ते कळत नव्हतं. प्रियंका येऊन शेजारी बसली, म्हणाली, “बघ, म्हनलं नव्हतं? सरकार हलत न्हाय.” सिद्धेश्वरी हसली. मग हसता हसता थांबली, उठली आणि माईकपाशी न जाताच म्हणाली, “सर, मग बाकीच्यांच्या चिठ्ठ्या?”

मल्लिनाथ सर मांडवातून निघाले. ते व्हरांड्यात आले. बसूमामांनी हातोडा आणला होता. तो सरांनी मागून घेतला, आणि नोंदवहीतली वस्तू, लोखंडी, कुलपासह, नग एक, हिचं कुलूप शाळेच्या मुख्याध्यापकानं स्वतःच्या हातानं फोडलं. तीन घाव लागले. संगप्पांचं काम पक्कं होतं.

माझ्या पोटातून जे बाहेर आलं ते सतरंजीवर मावेना. तळाशी वाळलेल्या पानावर किल्ल्यांची कडी होती, फितीसकट. बिरुदेव सर पुढे येऊन बसले आणि सिद्धेश्वरी त्यांच्यासमोर. दोघं मिळून मोजू लागले. सर पाच-पाचचे गठ्ठे करत होते, मेंढरं मोजावीत तसे. वरून मल्लिनाथ सर बेरीज धरत होते.

“चारशे बारा,” शेवटी ते म्हणाले.

बिरुदेव सरांनी मान वर केली. “चारशे बारा काय, सर?”

मल्लिनाथ सरांना हा शब्द उच्चारायला सहा वर्षं लागली होती, आणखी थोडा वेळ लागला.

“तक्रारी,” ते म्हणाले.

काही चिठ्ठ्या तिथंच वाचल्या गेल्या. नावं वाचायची नाहीत, असं सिद्धेश्वरीनं आधीच बजावलं होतं. ‘फळ्यावरचं दिसत नाही’ ही चिठ्ठी वाचली तेव्हा नाव नसतानाही सगळ्यांनी मागे वळून शहाजीकडे पाहिलं. त्याला आता मिशी फुटली होती. कोण पाहतंय ते त्याला लांबून दिसलं नाही, म्हणून तो अंदाजानं हसला. मुलींच्या कडीच्या चिठ्ठ्या एकावर एक ठेवल्या तर वीतभर उंच झाल्या. सहा वर्षं मुली एकमेकींसाठी बाहेरून दार धरून उभ्या राहत होत्या, आणि ते इतकं अंगवळणी पडलं होतं की नव्यानं आलेल्या मुलींना ती शाळेची पद्धत वाटायची. मल्लिनाथ सर तो गठ्ठा हातात धरून बराच वेळ बसले. त्यांनाही दोन मुली आहेत.

फाटकी चिठ्ठी बिरुदेव सरांना सापडली. त्यांनी वाचली. सिद्धेश्वरी मान खाली घालून उभी होती. “चिठ्ठी झकास लिहिलीस,” ते म्हणाले. “पण तो मार्क मी आजपण देणार न्हाय. एकक पायजेच.” मग त्यांनी ती चिठ्ठी घडी करून खिशात ठेवली आणि परत बोलावणाऱ्या त्या एकवीस चिठ्ठ्याही मागून घेतल्या. रविवारी ते कुर्डुवाडीहून सकाळच्या गाडीनं आले आणि लिंबाखाली बसले. त्याच्या पुढच्या रविवारीही आले. परीक्षेला थोडेच दिवस उरले होते. फार काही होणार नव्हतं, पण थोडं झालं. एकोणीसपैकी अकरा जण सुटले. आठ जण नाही सुटले. मी कोठीच्या पत्र्याची आहे. जे आत आहे तेवढंच सांगते.

संडासाला कडी दोन दिवसांत बसली. शहाजी चष्मा लावून परीक्षेला गेला आणि परत येऊन त्यानं सांगितलं, की परीक्षेच्या वर्गात भिंतीवर घड्याळ होतं आणि त्यात किती वाजले ते दिसत होतं.

मल्लिनाथ सरांनी त्या महिन्याचा अहवाल स्वतः लिहिला. प्राप्त तक्रारींची संख्या: ४१२ तक्रारी. आठ दिवसांत तो परत आला. सोबत शेरा होता: ‘आकडा मागील अहवालांशी जुळत नाही. दुरुस्त करून फेरसादर करावा.’ सरांनी आकडा तसाच ठेवून फेरसादर केला. तो पुन्हा परत आला. ते निवृत्त झाले तेव्हा तो कागद चौथ्यांदा वर गेलेला होता. पेन्शन कुठवर आली ते मला कळलेलं नाही. त्या चिठ्ठ्या माझ्याकडे येत नाहीत.

बारावं घड्याळ मुलांनी दुकानात परत केलं. त्याऐवजी त्यांनी शाळेला जी भेट दिली ती माझ्या अंगावर रंगवलेली आहे: ‘सन २०२४-२५ च्या दहावीकडून सप्रेम भेट. कुलूप एक, किल्ल्या दोन, खिळा एक.’ एक किल्ली नव्या मुख्याध्यापकांकडे असते. दुसरी माझ्याशेजारी खिळ्याला, दोरीत बांधून. खिळा प्रियंकानं ठोकला. पाचवीतल्या पोराचा हात पोचेल एवढ्याच उंचीवर.

ती मुलं गेली. सिद्धेश्वरी आता सोलापूरला अकरावीत आहे. दाखला न्यायला आली तेव्हा टाकीवर पाणी प्यायली, थोडा वेळ तिथंच उभी राहिली, पिशवीतून वही काढून तिचं एक पान फाडलं. या वेळी तिनं मला हात जोडले नाहीत. मी काय आहे ते तिला आता ठाऊक आहे. तरीही चिठ्ठी टाकली, हे मला बरं वाटलं.

मित्रांनो, गणपतीसमोर हात जोडा, माझ्यासमोर नको. मी पत्र्याची पेटी आहे, मला कुंकू लावलं तर गंज लवकर चढतो. तुमच्याही शाळेत, बँकेत, स्टँडवर माझ्या बहिणी टांगलेल्या असतील. त्यांच्यात चिठ्ठी जरूर टाका. पण टाकून झाल्यावर जो कोणी जवळ असेल त्याला एवढं विचारा, की हिची किल्ली कुठं आहे.

माझी खिळ्याला आहे. आणि आत सध्या एकच चिठ्ठी आहे. ‘तिसरा नळ परत गळतोय. आपली विश्वासू.’

मला तो इथून ऐकू येतो.